पापण्यांचं ऑपरेशन झाल्यावर किती दुखतं आणि घरी पुढचे दिवस कसे काढायचे, सोलापूरकरांसाठी

डोळ्यांच्या दवाखान्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर म्हणून काम करते, त्यामुळं "सिस्टर, लई दुखतंय का ओ?" हा प्रश्न कानाला रोजचाच. वरच्या पापणीची लोंबलेली कातडी काढायची असो, नाहीतर डोळ्याखालच्या पिशव्या, विचारणारे हेच विचारतात. तर उत्तर आधीच देऊन टाकते, फार नाही दुखत. पॅरासिटामॉलवर भागतं, आणि बऱ्याच जणांना दोन-तीन दिवसांनी ती पण लागत नाही. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टींचा, सूज येते, पापणी जड होते, ताणल्यासारखं वाटतं, डोळा कोरडा पडून टोचतो, मलमामुळं धूसर दिसतं आणि आरशात बघितलं की धडकी भरते.

पण फार दुखत नाही याचाच दुसरा अर्थ पण समजून घ्या. या ऑपरेशननंतर खरंच जोरात दुखायला लागलं, गोळी घेऊन पण वाढतच चाललं, त्यात एकाच डोळ्याला जास्त, तर ते सहन करायचं दुखणं नाही. आपल्याकडं बायका विशेषतः "जाऊ दे, ऑपरेशन म्हटल्यावर दुखणारच की" म्हणून दात दाबून बसतात, तसं इथं अजिबात करायचं नाही. का ते खाली सांगते.

आधी ऑपरेशनचं थोडक्यात. डॉक्टरी नाव ब्लेफरोप्लास्टी. वरच्या पापणीचं बहुतेक वेळा नुसती जागा बधिर करून होतं, तासाभराच्या आसपास लागतो. सगळ्यात जास्त आग होते ती भुलीच्या इंजेक्शनची, आणि ती पण काही सेकंद. मग ओढल्यासारखं, हात लावल्यासारखं कळतं पण दुखत नाही. खालच्या पापणीची चरबी काढताना मात्र आत खोल काहीतरी ओढालेत असं वाटतं, तसं वाटलं तर गप्प बसू नका, सांगा, अजून थोडी भूल देता येते. वरचा काप पापणीच्या घडीत लपतो. खालचा एकतर पापण्यांच्या केसांच्या अगदी खाली घेतात, नाहीतर पापणीच्या आतल्या लाल बाजूनं, आणि आतून केला तर बाहेर टाका दिसतच नाही. भूल उतरायला काही तास लागतात, उतरली की चरचर सुरू होते, तेव्हा घाबरून जाऊ नका, पहिली गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधीच घेऊन ठेवायची असते, किती वाजता ते डिस्चार्जच्या वेळीच विचारून घ्या.

गोळी कोणती, हे महत्त्वाचं. पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसमध्ये. घरातल्या डब्यात पडलेली कॉम्बिफ्लाम घेऊ नका, त्यात आयबुप्रोफेन असतं, आणि डिस्प्रिन पण नको, ती ॲस्पिरिन आहे. या गोळ्यांनी रक्त थांबायला वेळ लागतो, आणि डोळ्याच्या मागं रक्त साचणं हाच इथला मोठा धोका. आता याच्या उलट पण ऐका. ज्यांना हार्टसाठी इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करायची नाही. हार्टच्या डॉक्टरांना आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दोघांना विचारून काय ते ठरवायचं. लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, काढे, जे काय चालू असेल ते ऑपरेशनच्या आधीच सांगून टाका, लोक याला औषध समजतच नाहीत म्हणून सांगत नाहीत. बीपीची गोळी मात्र चुकवू नका, बीपी वाढलं की रक्त येतं.

पहिली रात्र

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यायचं. डोळ्याच्या खोबणीत मागं रक्त साचलं तर ते बाहेर यायला वाट नसते, आतला दाब वाढतो, डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि नजर जाऊ शकते. हजारो ऑपरेशनमध्ये एखाद्याला होतं, फार क्वचित, पण झालं तर बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतं, आणि मग उपाय तासा-दीड तासाच्या आत व्हावा लागतो. टाके उघडून दाब मोकळा करतात. म्हणजे सकाळपर्यंत वाट बघितली तर उशीर.

कसं ओळखायचं? एका डोळ्यात अचानक वाढत जाणारं जोराचं दुखणं, डोळा पुढं आल्यासारखा आणि पापणी दगडासारखी घट्ट, दिसायला कमी होणं, एकाचे दोन दिसणं, रक्त थांबतच नाही. यातलं एक जरी असलं तरी ताबडतोब सर्जनला फोन, आणि ते सापडले नाहीत तर थेट कॅज्युअल्टी गाठायची, सिव्हिल असो नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथं गेल्या गेल्या "पापणीचं ऑपरेशन झालंय आणि नजर कमी होतीय" एवढं वाक्य आधी बोलायचं, बाकीची हिस्ट्री नंतर.

घरच्यांना एक सोपं काम द्या. झोपेपर्यंत तासा-तासाला एक डोळा तळहातानं झाकून (दाबायचा नाही हं) दुसऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायची, मग दुसरा डोळा. रात्री बाथरूमला उठलात तर तेव्हा पण बघा. मलमामुळं धूसर दिसत असेल तर दोन-चार वेळा पापण्या मिटून उघडल्या की थोडं साफ होतं, परत धूसर होतं. खरंच नजर कमी होत असेल तर मिटून-उघडून काही फरक पडत नाही, बल्ब पण अंधुक वाटायला लागतो. हा फरक घरातल्या एकाला तरी नीट समजावून सांगा, कारण पेशंट अर्धा झोपेत असतो.

आता पुण्याला जाऊन करणाऱ्यांसाठी. आपल्याकडचे बरेच जण पुण्याला करतात, जाऊ देत, पण मग दुसरा प्रश्न असतो "सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जातो, संध्याकाळच्या हुतात्मानं परत येतो, चालेल ना?" नाही चालणार. ज्या रात्री डॉक्टर जवळ पाहिजे ती रात्र तुम्ही दौंड-कुर्डुवाडीच्या मध्ये काढणार. अडीचशे किलोमीटरचा प्रश्न आहे. पाहुण्यांकडं नाहीतर लॉजवर एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून मग निघा. लॉजचे पैसे वाचवण्यासारखी ही जागा नाही. आणि टाके काढायला परत जायचंय ते पण आधीच धरून चला, किंवा इथं कोण काढणार ते ऑपरेशनच्या आधी ठरवा.

बर्फ, उशी आणि सूज

पहिले ४८ तास बर्फ. तासाला १०-१५ मिनिटं, जागं असाल तेवढा वेळ. बर्फ कधीही थेट कातडीवर ठेवायचा नाही, जागा बधिर असते, भाजल्यासारखी इजा झाली तरी कळत नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत बर्फाचा चुरा, त्यावर धुतलेला सुती रुमाल. फ्रीजमधल्या मटारचं पाकीट पण चालतं, हलकं असतं आणि डोळ्याच्या आकारात बसतं. आपला सोलापुरी टॉवेल नको, जाड पडतो, गारवा पोचत नाही आणि त्याचे दोरे टाक्यांत अडकतात. नुसता टेकवायचा, दाबायचा नाही.

झोपताना डोकं वर. दोन-तीन उशा, किंवा गादीखाली सतरंजीची वळकटी घालून पाठ पण वर घ्या, नुसती मान वाकवून झोपलं की मानच धरते. पाठीवरच झोपायचं, निदान आठवडाभर. कुशीवर झोपायची सवय असेल तर दोन्ही बाजूला लोड लावून ठेवा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. हे आधी सांगितलं तरी लोक तिसऱ्या दिवशी फोन करतातच, "काल बरं होतं, आज वाढलंय". वाढणारच, तिसऱ्या दिवसानंतर उतरायला लागते. काळंनिळं गालापर्यंत उतरतं, मग हिरवट, मग पिवळं होऊन दहा-पंधरा दिवसांत जातं. दोन्ही डोळ्यांची सूज सारखी नसते, आणि एक डोळा बारीक दिसला म्हणजे डॉक्टर चुकले असं नाही. रोज सेल्फी काढून झूम करून बघणाऱ्यांचं मला फार नवल वाटतं, त्यानं सूज उतरत नाही, नुसती झोप उडते.

बाईमाणसाचे डोळे असे काळेनिळे दिसले की गल्लीतली माणसं आधी नवऱ्याकडं बघतात. त्यामुळं सांगायचं नसेल तर आधीच काहीतरी ठरवून ठेवा, नाहीतर सरळ सांगून मोकळं व्हा, मला तरी दुसरं बरं वाटतं.

मीठ कमी. शेंगाची चटणी, पापड, लोणचं, बाहेरचं फरसाण आठवडाभर जरा लांब ठेवा, मिठानं सूज धरून राहते. कडक भाकरी खायची का? चावताना डोळ्याला काही होत नाही, पण कानशिलाला ताण येतोय असं वाटलं तर दोन दिवस मऊ भाकरी दूध-आमटीत कुस्करून खा. तंबाखू, मावा, बिडी, सिगरेट मात्र बंद, जखमेकडं जाणारं रक्त कमी होतं आणि ती उशिरा भरते. आणि पोट साफ ठेवा, हसू नका, संडासला जोर लावला की डोळ्यावर दाब येतो, लागलं तर रात्री इसबगोल घ्या. सर्दी-खोकला असेल तर ऑपरेशनची तारीखच पुढं ढकला.

वाकणं, उचलणं, आणि पाण्याचा दिवस

दोन आठवडे खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. कागदावर सोपं वाटतं, पण सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाई टाके उघडतील याचा विचार करत नाही, घागर उचलते. तारीख धरतानाच घरात पाणी कोण भरणार ते ठरवा. फरशी पुसणं, कुकर खालच्या कपाटातून काढणं, लहान पोराला कडेवर घेणं, सगळं यात आलं. देवाला उभ्यानं नमस्कार करा, नमाज पढणाऱ्यांनी सजद्याऐवजी खुर्चीवर बसून पढायला डॉक्टर सांगतात. बिड्या वळणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांना तर दिवसभर मान खालीच, त्यात कारखान्यातला कापसाचा भुगा, त्यामुळं त्यांनी दोन आठवड्यांची सुट्टी धरूनच करावं. ऑफिसवाल्यांना सात-दहा दिवस पुरतात. जिम, पळणं, पोहणं तीन-चार आठवड्यांनी, आणि सिद्धेश्वर तलावाभोवती हळू चालायला दुसऱ्या आठवड्यात हरकत नाही, ऊन नसताना.

डोळा कोरडा, धूसर, टोचणारा

ज्याला लोक "दुखालंय" म्हणतात ते निम्म्या वेळा हेच असतं. सुजेमुळं पापणी पूर्ण मिटत नाही, झोपेत बारीक फट राहते, डोळ्याचं पाणी उडून जातं, मग सकाळी उठलं की रेती गेल्यासारखं. यावर दुखायची गोळी घेऊन उपयोग नाही. यावर ओलावा देणारे ड्रॉप, म्हणजे कृत्रिम अश्रू, दिवसातून चार-सहा वेळा जसं लिहून दिलंय तसं, आणि झोपताना मलम. मलम घातलं की दिसणार नाही, त्यामुळं सगळी कामं उरकून, बाथरूमला जाऊन येऊन मग घाला. ड्रॉप घालताना वरच्या पापणीचा टाका ओढायचा नाही, खालची पापणी बोटानं हलकी खाली करा आणि वर बघा, आणि बाटलीचं तोंड डोळ्याला लागू देऊ नका.

कूलरच्या समोर बसू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो, कूलरशिवाय जमत नाही हे मान्य, पण हवेचा झोत पायाकडं राहू दे. पंख्याचं पण तेच. मोबाईल बघताना माणूस पापणी मिटायलाच विसरतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस मोबाईल, सिरियल कमी, गाणी ऐका. मला विचाराल तर हे ऑपरेशन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं, घाम नाही, ऊन कमी. फक्त संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या आधी लगेच नको, नंदीध्वज बघायला जाणारच तुम्ही, आणि तिथं धक्काबुक्की आणि धूळ दोन्ही.

खालच्या पापणीचं केलेल्यांना अजून एक, डोळ्याचा पांढरा भाग सुजून जेलीसारखा फुगलेला दिसू शकतो, डोळ्यातून पाणी येतं. दिसायला भयंकर असतं पण बहुतेक वेळा ड्रॉपनं उतरतं, डॉक्टरांना फोटो पाठवून खात्री करून घ्या. खालची पापणी खाली ओढल्यासारखी, आतला लाल भाग दिसतोय असं वाटलं तर ते पण दाखवा, कधी कधी मालिश शिकवतात, पण ती त्यांनी सांगितल्यावरच.

ड्रॉप लिहून दिलेलेच. मेडिकलवाल्याला "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणून मागितलं तर स्टेरॉइडचा ड्रॉप हातात पडू शकतो, तो परस्पर घातल्यानं डोळ्यातला दाब वाढतो. आणि घरचे उपाय, म्हणजे गुलाबपाणी, हळद, तूप, मध, दूध, शेजारच्या अक्कांचं अंजन, यातलं काहीही टाक्यांच्या जवळ नको.

धुणं, टाके, मेकअप

टाक्यांवर पपडी धरली तर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा दवाखान्यातून दिलेल्या सलाईनमध्ये निर्जंतुक कापूस बुडवून हळूच टिपायचं. बॅरलमध्ये साठवलेलं पाणी तसंच डोळ्याला लावू नका. हात साबणानं धुवून, नखं कापून. एक कापूस एका डोळ्याला. अंघोळ मानेखालून चालते, केस धुवायचे असतील तर पार्लरमध्ये मागं मान टाकून धुतात तसे, दुसऱ्या कुणाकडून.

टाके साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात, काही आपोआप विरघळणारे असतात. काढताना मुंगी चावल्यासारखं, त्यापेक्षा जास्त नाही. त्याच सुमाराला खाज सुटते, आणि खाज म्हणजे जखम भरतीय, पण चोळायचं नाही, गार रुमाल टेकवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली उतरायच्या ऐवजी वाढली, गरम लागायला लागली, पू आला, ताप आला तर ते इन्फेक्शन, त्याच दिवशी दाखवा. शुगरवाल्यांनी तर जास्तच जपा.

काजळ, आयलायनर, खोट्या पापण्या दोन आठवडे नाही, आणि नंतर पण जुनी काजळाची कांडी फेकून नवीन घ्या. कॉन्टॅक्ट लेन्सला पण साधारण दोन आठवडे, डॉक्टर हो म्हणाले की मगच. गाडीवरून जाताना मुली स्कार्फ कपाळावरून करकचून बांधतात, तो भुवईवर ताण आणतो, सैल बांधा, आणि हेल्मेट घालताना-काढताना पुढची काच पापणीला घासणार नाही असं बघा. गाडी स्वतः कधी चालवायची? धूसरपणा गेल्यावर, आणि डोळ्यात मलम असताना कधीच नाही. होटगी रोडच्या धुळीत गॉगल लागणारच, मोठा, बाजूनं झाकणारा घ्या, ऊन लागलं की कोवळा व्रण काळा पडतो.

लग्न असेल घरात तर निदान सहा आठवडे, शक्यतो दोन महिने आधी करा. "पंधरा दिवसांत एकदम ओके होईल ना" म्हणून हळदीच्या आधी धावत येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, कारण पंधरा दिवसांनी लोकांसमोर जाता येतं, पण फोटोत व्रणाची गुलाबी रेघ आणि सकाळची सूज दिसतेच.

पापणीच्या कडेची कातडी आणि केसांची मुळं काही आठवडे बधिर राहतात, काजळ लावताना स्वतःचं बोट लागलेलं कळत नाही, हळूहळू परत येतं. व्रणाच्या रेघेवर साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे उठले तर नखानं फोडू नका, पुढच्या भेटीत डॉक्टर सुईच्या टोकानं काढून देतात. गुलाबी रेघ फिकी पडायला काही महिने लागतात, कधी कधी वर्ष. तीन ते सहा महिन्यांच्या आधी "एक बाजू कमी झालीय, परत करून द्या" म्हणून भांडायला येऊ नका, तोपर्यंत आत सूज असतेच आणि कुठलाही शहाणा डॉक्टर तेवढ्यात परत चाकू लावत नाही. सहा महिन्यांनी फरक तसाच राहिला तर ऑपरेशनच्या आधीचे फोटो घेऊन जा, सरळ समोरून काढलेले, त्याच्याशी ताडून मग काय करायचं ते बोला.